सरपंचाच्या सहीने नेमके काय होते?

प्रश्न : मी दोन हजारांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या गावाची थेट निवडून आलेली सरपंच आहे. घटनेने पंचायतींना २९ विषय सोपवले आहेत, असे आम्हाला प्रशिक्षणात सांगण्यात आले. प्रत्यक्षात दिवाबत्ती आणि नळाची गळती यांपलीकडे एकही निर्णय आमच्या पातळीवर पूर्ण होत नाही. केंद्राने सत्ता खाली दिली म्हणजे नेमके काय दिले, आणि ती वाटेत कुठे अडली?

उत्तर : अडली ती बहुतांशी मुंबईत, आणि थोडी जिल्ह्याच्या ठिकाणी. याचा दोष दिल्लीला देण्याची आपल्याकडे सवय आहे, आणि केंद्राच्या योजनांनी पंचायतींचे हात बांधले हेही खरे आहे; परंतु स्थानिक स्वराज्य हा घटनेच्या राज्यसूचीतला विषय आहे. पंचायतीला काय द्यायचे आणि काय स्वतःकडे ठेवायचे, हे विधिमंडळ ठरवते. मी विस्तार अधिकारी (पंचायत) म्हणून सुरुवात करून गटविकास अधिकारी म्हणून निवृत्त झालो. नोकरीच्या साऱ्या काळात जे पाहिले, त्यावरून माझे मत असे झाले आहे की महाराष्ट्राने पंचायतींना कामे मोकळ्या हाताने दिली, पैसा अटी घालून दिला आणि माणसे दिलीच नाहीत. आपल्याला जाणवणारी अडचण या तीन गोष्टींच्या विजोडपणातून आलेली आहे.

७३ वी घटनादुरुस्ती डिसेंबर १९९२ मध्ये संमत झाली आणि २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. राजीव गांधींच्या काळातले ६४ वे दुरुस्ती विधेयक १९८९ मध्ये राज्यसभेत पडले होते, त्यामागे राज्यांच्या अधिकारांवर हे आक्रमण आहे ही भीती मोठी होती. त्यामुळे पुढच्या दुरुस्तीत बंधनकारक भाग आणि राज्यांच्या मर्जीवर सोडलेला भाग स्पष्टपणे वेगळे झाले. दर पाच वर्षांनी निवडणूक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा, राज्य निवडणूक आयोग आणि दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग हे सर्व बंधनकारक. मात्र अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांपैकी कोणते, किती आणि कोणत्या अटींवर पंचायतींकडे द्यायचे, हे अनुच्छेद २४३-जीने राज्यांच्या विवेकावर सोडले. कर बसवण्याच्या अधिकाराचेही तसेच. म्हणून आपले पद, मुदत आणि आरक्षण यांना घटनेचे संरक्षण आहे, पण आपल्या कामाच्या आवाक्याला ते नाही. प्रशिक्षणात २९ विषयांची यादी वाचून दाखवतात आणि हा भाग सांगायचा राहून जातो.

महाराष्ट्राच्या बाबतीत हे अधिक खटकते, कारण आपण या वाटेवर फार लवकर निघालो होतो. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये तालुका पातळीवरच्या संस्थेला बळ द्यावे असे सुचवले होते. आपल्या वसंतराव नाईक समितीने त्यापेक्षा वेगळी भूमिका घेऊन जिल्हा हाच विकासाचा मुख्य घटक मानला. त्यानुसार १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. जिल्हाधिकाऱ्यांना या संस्थेबाहेर ठेवून स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी नेमणे हा त्या काळी धाडसी निर्णय होता. प्राथमिक शिक्षण, आरोग्य, शेती, पशुसंवर्धन, लहान पाटबंधारे, रस्ते, आणि ही कामे करणारे कर्मचारीही परिषदेकडे आले. लोक जिल्हा परिषदेला ‘मिनी मंत्रालय’ म्हणू लागले ते उगाच नव्हे.

आमदाराला मात्र या मंत्रालयात जागा नव्हती. शाळा, दवाखाना, रस्ता आणि बदली हे सर्व ज्याच्या हाती, तो अध्यक्ष किंवा सभापती पुढच्या विधानसभेला आपल्यासमोर उभा राहू शकतो, ही भीती खरी होती आणि अनेकदा खरीही ठरली. पुढचा बराच इतिहास या भीतीने घडवला आहे. १९७० च्या दशकात जिल्हा नियोजन व विकास मंडळे आली आणि जिल्ह्याच्या योजनेवर मंत्री अध्यक्ष म्हणून बसले. १९७९ नंतर जिल्हा परिषदांची निवडणूक थेट १९९२ मध्ये झाली. घटनादुरुस्तीनंतर जिल्हा नियोजन समिती घटनात्मक झाली, तिचे चार पंचमांश सदस्य स्थानिक संस्थांतून निवडून यावेत असे ठरले; परंतु आपल्या १९९८ च्या कायद्याने तिचे अध्यक्षपद पालकमंत्र्यांकडे आणि सचिवपद जिल्हाधिकाऱ्यांकडे ठेवले. ज्या दोघांना १९६२ मध्ये विचारपूर्वक दूर ठेवले होते, ते अशा रीतीने मुख्य खुर्च्यांवर परतले.

यापुढची काटछाट इतकी शांतपणे झाली की तिच्यावर कधी मोठी चर्चा झाली नाही. १ जुलै १९९८ पासून शेती खात्यात एक खिडकी पद्धत आली आणि गावपातळीवरची कृषी यंत्रणा राज्याच्या कृषी विभागाकडे गेली. जिल्हा परिषदेकडे कृषी विकास अधिकारी आणि मोजक्या योजना उरल्या. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचे रस्ते जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाला वगळून वेगळ्या यंत्रणेमार्फत होऊ लागले. प्राथमिक शिक्षकांच्या जिल्हांतर्गत बदल्यांचे धोरण २०१७ मध्ये बदलले आणि बदल्या राज्यस्तरावरच्या संगणक प्रणालीतून होऊ लागल्या. शिक्षक बदल्यांतला बाजार मी जवळून पाहिला आहे, त्यामुळे या निर्णयाने अनेक प्रामाणिक शिक्षकांची सुटका झाली हे नाकारणार नाही. मात्र खालच्या संस्थेत गैरव्यवहार झाला की ती संस्था सुधारण्याऐवजी तिचा अधिकारच वर उचलून न्यायचा, हा मार्ग त्यानंतर सोयीचा झाला. मंत्रालयात गैरव्यवहार आढळला म्हणून ते खाते जिल्हा परिषदेकडे दिले, असे उदाहरण मला आठवत नाही.

आता आपल्या गावापुरते बोलू. एका तालुक्यात मी असताना एका ग्रामसभेने आराखड्यात पहिल्या क्रमांकावर वस्तीतल्या जलवाहिनीचे काम घेतले होते. जुनी वाहिनी गटाराच्या कडेने गेलेली होती आणि पावसाळ्यात दर वर्षी जुलाबाची साथ येत असे. त्या वर्षी गावाला जो निधी मिळाला तो २५१५ या लेखाशीर्षाखाली, म्हणजे लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या मूलभूत सुविधांच्या कामांसाठी; आणि मंजुरीच्या यादीत गावाच्या नावासमोर लिहिले होते ‘मंदिरासमोर सभामंडप’. सरपंचांनी काम बदलून मागितले. त्यावर उत्तर आले की बदल करायचा तर ज्यांनी काम सुचवले त्यांचेच पत्र आणि शासनाचे शुद्धिपत्रक लागेल, आणि तोवर निधी परत जाईल. सभामंडप झाला. त्यात गैर काही नव्हते, मोजमाप पुस्तिका बरोबर होती, कामाचा दर्जाही चांगला होता. गावाला काय हवे, हा प्रश्न मात्र गावाबाहेर सुटला होता.

अशा कामांची बेरीज केली, म्हणजे २५१५, आमदार निधी, खासदार निधी आणि जिल्हा नियोजनातून येणारी जनसुविधेची कामे, तर बऱ्याच गावांत ती ग्रामपंचायतीने स्वतः ठरवून केलेल्या कामांहून जास्त भरते. लोकांनाही ते ठाऊक असते. म्हणून गटारासाठी सरपंचाकडे जाणारा माणूस रस्त्यासाठी आमदाराच्या कार्यालयात जाऊन बसतो.

पैशाचा दुसरा आणि अधिक निश्चित स्रोत केंद्रीय वित्त आयोगाचा. चौदाव्या वित्त आयोगाने (२०१५-२०) ग्रामीण भागाचा सगळा निधी ग्रामपंचायतींना दिला. ‘आमचं गाव, आमचा विकास’ या आराखड्यांना त्या काळात खरा अर्थ आला, कारण आराखड्यामागे रक्कम होती. पंधराव्या आयोगाने पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेलाही पुन्हा वाटा दिला (आपल्या राज्यात ग्रामपंचायतीला ८० टक्के आणि वरच्या दोघांना प्रत्येकी १० टक्के) आणि २०२१-२६ या काळासाठी ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बंधित केली. हिशेबाच्या सोयीसाठी आपल्या गावाला वर्षाला १० लाख मिळतात असे धरू. ६ लाख बंधित. उरलेल्या ४ लाखांतून संगणक परिचालकाचा महिन्याचा बारा हजारांच्या घरातला खर्च वजा केला की अडीच लाखांच्या आसपास उरतात. त्यातून पथदिव्यांचे वीजबिल भरावे, अशाही सूचना शासनाने दिलेल्या आहेत, आणि थकबाकी जुनी असेल तर ती लहान रक्कम नसते. शाळेची संरक्षक भिंत, अंगणवाडीची दुरुस्ती, स्मशानभूमीचे शेड यांसाठी जे शिल्लक राहते, त्यावर ग्रामसभेत दोन तास वाद होतात. अबंधित निधी अबंधित असतो तो असा.

हा खर्चही धनादेशाने होत नाही. ई-ग्रामस्वराज प्रणालीवर आराखड्यात नोंदलेले काम, त्याचे देयक, मग आपली आणि ग्रामसेवकाची डिजिटल सही, असा क्रम आहे. पारदर्शकतेच्या दृष्टीने ही व्यवस्था जुन्या धनादेशांपेक्षा निःसंशय चांगली आहे. तिची दुसरी बाजू तालुक्यात बसणाऱ्यालाच दिसते. सरपंचांचे डोंगल, म्हणजे डिजिटल सहीसाठी संगणकाला जोडायचे छोटे साधन, बहुतेक वेळा ग्रामसेवकाच्या पिशवीत किंवा परिचालकाच्या खणात असते. सहीची मुदत संपली की नूतनीकरणाला आठवडे जातात. आणि वर्षाच्या मध्येच एखादे काम निकडीचे झाले तर ते आराखड्यात घेण्यासाठी प्रणाली खुली होण्याची वाट पाहावी लागते. मार्चअखेर पंचायत समितीच्या आवारात रात्री अकरापर्यंत दिवे चालू दिसतात ते याचमुळे. आपले डोंगल आपल्याजवळच ठेवा, एवढे मात्र आग्रहाने सांगतो.

माणसांचा मुद्दा राहिला. आपल्या गावात काम करणारा शिक्षक, आरोग्यसेविका, अंगणवाडी सेविका, तलाठी, कृषी सहायक यांच्यापैकी एकही ग्रामपंचायतीला उत्तरदायी नाही. खुद्द ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा कर्मचारी आहे. त्याची बदली, रजा आणि गोपनीय अहवाल यांत आपली भूमिका नाही. दोन-तीन गावांचा कार्यभार असलेला ग्रामसेवक कोणत्या दिवशी आपल्याकडे येईल, हेही गटविकास अधिकाऱ्याच्या बैठकांवर अवलंबून असते. मी स्वतः अशा बैठका लावत असे, म्हणून सांगतो.

यावर केरळचे उदाहरण नेहमी दिले जाते, आणि ते योग्यच आहे. तेथे १९९६ मध्ये जनयोजना मोहीम सुरू झाली तेव्हा राज्याच्या योजना-निधीतला ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांना देण्याचा निर्णय आधी झाला आणि प्रशिक्षण, आराखडे, नियम हे सारे नंतर, त्या दबावाखाली घडले. कोणत्या पंचायतीला वर्षात किती मिळणार, हे राज्याच्या अर्थसंकल्पासोबतच्या स्वतंत्र परिशिष्टात छापलेले असते. त्यामुळे त्यासाठी कोणाच्या दारात जावे लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र, कृषी भवन आणि पशुवैद्यकीय दवाखाना ग्रामपंचायतीकडे सोपवले गेले. परंतु एक फरक सोयीस्कर विसरला जातो. केरळात ग्रामपंचायती हजाराच्या आत, ९४१ आहेत, आणि एकेका पंचायतीची लोकसंख्या वीस-तीस हजारांच्या घरात जाते. महाराष्ट्रात ग्रामपंचायती २८ हजारांच्या आसपास आहेत. दोन हजार वस्तीच्या पंचायतीकडे आरोग्य केंद्र सोपवता येत नाही. तिला डॉक्टरचे वेतन पेलणार नाही आणि त्याच्या कामाची तपासणीही जमणार नाही. म्हणून आपल्याकडे सगळे अधिकार ग्रामपंचायतीला द्या, ही मागणी मला भाबडी वाटते. पाणी, गावठाण, गावातले रस्ते, अंगणवाडीची इमारत आणि गायरान यांवर ग्रामपंचायतीचा निर्णय अंतिम असावा. शाळा आणि दवाखाना जिल्हा परिषदेकडे, पण तेथे कर्मचारी नेमण्यापासून निधी वळवण्यापर्यंतच्या पूर्ण अधिकारांसह. १९६२ ची रचना साधारण हीच होती.

गावाच्या हाती सत्ता द्यावी की नाही, यावरचा मूलभूत आक्षेपही बाजूला सारण्यासारखा नाही. घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी खेड्याचा गौरव करणाऱ्यांना कठोर उत्तर दिले होते, आणि जातीच्या उतरंडीवर उभ्या असलेल्या गावात स्वशासन म्हणजे वरच्यांचेच शासन होईल ही त्यांची भीती अनुभवावर आधारलेली होती. पाणवठ्याचा वाद ग्रामसभेवर सोडला तर दलित वस्तीच्या वाट्याला काय येते, हे मी पाहिले आहे. म्हणूनच राखीव जागा, स्वउत्पन्नातला १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवण्याचे बंधन, स्थानिक निधी लेखापरीक्षण, ही बंधने मला अधिकारांवरचा हल्ला वाटत नाहीत. अशा संरक्षक अटी घटनेने आणि कायद्याने घालाव्यात. कोणत्या गल्लीत पेव्हर ब्लॉक बसवायचे हे मंत्रालयाने ठरवू नये.

अधिकार खरोखर गावात आले की काय होते, हे पाहायचे तर गडचिरोलीकडे पाहावे लागते. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा देणाऱ्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण हक्काचा कागद मिळूनही बांबू विकता येत नव्हता, कारण वाहतूक परवाना देण्याचा अधिकार वनविभागाकडे होता. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी गावात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले, तेव्हा तो हक्क चालू झाला. आदिवासी (अनुसूचित) क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. मधली अठरा वर्षे कायदा होता आणि अंमल नव्हता. आज गडचिरोली-गोंदियातल्या अनेक ग्रामसभा तेंदूपानांचा लिलाव स्वतः करतात. त्यांच्याकडे स्वतःचा पैसा आहे, म्हणून त्यांच्या ठरावाला वजन आहे.

शहरांची स्थितीही फार निराळी नाही. जकात गेली, मग एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, २०१७ मध्ये जीएसटी आला आणि महापालिका राज्याकडून येणाऱ्या मासिक भरपाईवर अवलंबून झाल्या. त्यातच निवडणुकांचा खेळखंडोबा झाला. ओबीसी आरक्षणाचा न्यायालयीन वाद आणि मार्च २०२२ मध्ये प्रभाग रचनेचे अधिकार निवडणूक आयोगाकडून शासनाकडे घेणारा कायदा यांत बहुतेक जिल्हा परिषदा आणि मोठ्या महापालिका तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांच्या हाती राहिल्या. निवडून आलेले मंडळ नसेल तर वित्त आयोगाचा निधी मिळत नाही, म्हणजे पैसाही अडला. पाच वर्षांची मुदत ही घटनेने बंधनकारक केलेली बाब, आणि तिचीच ही अवस्था. तेव्हा राज्याच्या मर्जीवर सोडलेल्या अधिकारांचे काय होत असेल, याची कल्पना करता येते.

आपल्या हाती आज जे आहे त्यातले पहिले म्हणजे घरपट्टी. मालमत्तांची फेरआकारणी दर चार वर्षांनी करायची असते. ती नमुना ८ मध्ये, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत, किती वर्षे झालेली नाही, हे काढून पाहा. निवडणुकीच्या भीतीने ती टाळली जाते आणि स्वतःचे उत्पन्न साठ रुपयांच्या जुन्या आकारणीवर अडकून राहते. जिथे मी पाठपुरावा केला तिथे नव्या दुमजली घरांची आणि ढाब्यांची नोंदच नव्हती. स्वतःच्या उत्पन्नातून केलेल्या कामाला फार थोड्या वरच्या मान्यता लागतात, आणि तेथेच आपल्या सहीने काम होते.

दुसरे असे की २५१५ किंवा तत्सम कामासाठी जागेचा उतारा आणि ग्रामपंचायतीचा ठराव मागितला जातो. हा ठराव बहुधा टंकलिखित येतो आणि सरपंच त्यावर सही करतात. काम पूर्ण झाल्यावर ते देखभालीसाठी ग्रामपंचायतीकडेच हस्तांतरित होणार असते, तेव्हा त्या ठरावात आराखड्यातला कामाचा प्राधान्यक्रम लिहा, तो नसेल तर तसे नमूद करा, आणि देखभालीचा खर्च कोणत्या निधीतून भागवायचा हे मागणाऱ्या कार्यालयाकडून लेखी घ्या. काम सुचवणाऱ्यांकडून फोन येईल. त्यांना ग्रामसभेच्या इतिवृत्ताची प्रत पाठवा. पुढच्या वर्षीची यादी होण्यापूर्वी, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आराखड्यातली पहिली तीन कामे अंदाजपत्रकासह त्यांच्याकडे आणि गटविकास अधिकाऱ्यांकडे पोचती करून पोच घ्या. माझ्या तालुक्यात ज्या सरपंचांनी हे नियमाने केले, त्यांच्या गावांत सभामंडपांची संख्या कमी आणि जलवाहिन्यांची लांबी जास्त होती.